सहनिवासीची सही

३ एप्रिल, गुरुवार

“प्रतिपालकांनो! दुसऱ्यांची लेकरं आपल्या घरात वाढवणाऱ्या माझ्या बायांनो, बाप्यांनो! ताप आपण उतरवायचा. उलटी आपण पुसायची. शाळेत बोलणी आपण खायची. आणि कागदावर सही कुणाची? जिचा पत्ता सरकारलाही ठाऊक नाही, तिची! हा कुठला न्याय?”

— इथवर लिहिलं आणि माझ्याकडे वाढणाऱ्या सोदामने वहीवर बार्लीचा चहा सांडला. ‘सरकार’ पुसलं गेलं. शुभशकुन!

प्रांतातल्या प्रतिपालकांचा मेळावा १७ मेला, सुंचॉनमध्ये. मला दिलीत पाच मिनिटं! कापडगिरणीच्या संपात फाटकावर तेलाच्या पिंपावर उभी राहून मी दोन तास बोलले होते, तेव्हा पोलीससुद्धा खाली बसून ऐकत होते. पाच मिनिटांत माझा नुसता घसा साफ होतो.

आजच्या संतापाचं कारण: सोदामच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलंय. डॉक्टर म्हणाले, बारीक नळ्या बसवायच्या, पंधरा मिनिटांचं काम, पण पूर्ण भूल द्यावी लागेल. लांबवलं तर ऐकणं कायमचं कमी होईल. मी म्हटलं, उद्याच करा! रुग्णालयाच्या खिडकीतल्या मुलीने रहिवासी दाखला पाहिला.

“नातं ‘सहनिवासी’ लिहिलंय. म्हणजे भाडेकरू का?”

“सात वर्षांची भाडेकरू? भाडं देत नाही, उलट माझे मोजे हरवते!”

“आजी, जरा आवाज…”

“आवाज असाच आहे!”

“जन्मदात्या पालकाची सही किंवा शिक्का आणा. सहनिवासीची चालत नाही.”

दोन वर्षं पोर माझ्या ताटात जेवते आणि मी सहनिवासी. हॉटेलात शेजारच्या खोलीत उतरलेली बाई असावी तशी.

बाहेर आल्यावर सोदाम खुशीत म्हणाली, “मावशी, तुझं मला सगळं ऐकू आलं.” शाळेतल्या बाईंचं तिला निम्मं कळत नाही. माझ्या नवऱ्याचं, तोक्सूचं, तर काहीच नाही. तो मुळात बोलतो कमी, आणि बोलतो तेही बोटीच्या इंजिनाला सांगितल्यासारखं, खाली मान घालून. एकसष्ट वर्षं सगळे मला ‘हळू बोल’ म्हणत आलेत. ही पहिली श्रोती, जिला मी पुरते.

५ एप्रिल, शनिवार

प्रतिपालन केंद्राच्या वू मॅडम आल्या. वय एकोणतीस, अंगावर त्रेचाळीस मुलांच्या फायली.

“मावशी, सुल्गीला तीन पत्रं पाठवली. तिन्ही परत आली. फोन बंद. आता कोर्टाकडून तात्पुरता पालक नेमून घ्यावा लागेल.”

“किती दिवस?”

“तीन महिने. चार धरा.”

“कान थांबतील का चार महिने?”

“मावशी, माझ्यावर कशाला ओरडता? मी तुमच्याच बाजूची!” आणि रडायलाच लागली. मुळ्याचं किमची आणि भात वाढला. दोन वाडगे जेवली बिचारी.

सुल्गी म्हणजे सोदामची आई. वय सव्वीस. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा यायची, केळ्याच्या दुधाच्या सहा बाटल्या घेऊन. त्यातल्या साखरेबद्दल मी तिला नीट समजावून सांगितलं होतं, वीस मिनिटं, आकडेवारीसह. त्यानंतर दोनदा आली. मग बंद. भाषणात मी तिला ‘ती बाई’ म्हटलंय. नाव घेण्याएवढं तिने केलंय काय?

८ एप्रिल, मंगळवार

आजवर अकरा पत्रं. आरोग्य खातं, बालकल्याण, महापौर, विधानसभा. तोक्सूला सगळी वाचून दाखवली. म्हणाला, “हं.”

१२ एप्रिल, शनिवार

प्रतिपालकांचं वार्षिक प्रशिक्षण. वर्षाला पाच तास! विटा उचलायचं यंत्र चालवायलासुद्धा याहून जास्त शिकवतात. शिकवणारे प्यो सर तरुण, विद्यापीठातले. मुलं नाहीत, मांजर आहे, असं स्वतःच म्हणाले.

“आज भूमिका बदलू. निम्मे जण मुलं व्हा. मूल मोजे घालत नाहीये. पालकांनी आवाज न चढवता समजून घ्यायचं.”

मी मूल झाले. माझे पालक बेकरीवाले इम. फार गोड माणूस. “राजा, मोजे का नको?”

“रंग ठरवताना मला विचारलं होतं?”

“नाही… पण…”

“आणि यांना?” मी उरलेल्या मुलांकडे वळले. मुलं म्हणजे चाळिशी-साठीच्या बाया. कुणालाच विचारलं नव्हतं! दहा मिनिटांत अकरा मुलं जमिनीवर. मोजे बेमुदत बंद! मागण्या तीन: रंग निवडायचा हक्क, झोपायच्या वेळेवर चर्चा, आणि जेवणाच्या सुट्टीतली काकडीची सँडविच ताबडतोब मागे घ्या. इम साहेब घाबरून मुलांच्या बाजूला येऊन बसले.

“मावशी,” प्यो सर म्हणाले, “सात वर्षांचं मूल मागण्यांचा मसुदा करत नाही.”

“तुमच्या मांजराला विचारा!”

खोलीत हशा. सरसुद्धा हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बरं. आता मुलाची जन्मदाती आई कोण होणार?”

कुणी हललं नाही. नुकतीच संपावर गेलेली मीसुद्धा नाही. आणि तोक्सू उठला! चाळीस वर्षांत हा माणूस सभेत आपणहून उठलेला नाही. पुढे जाऊन उभा राहिला, हातात टोपी.

सर म्हणाले, “हे लोक तुमच्या मुलीला सांभाळतात. काय सांगाल त्यांना?”

बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “जेवते का ती?” आणि जागेवर येऊन बसला.

परतताना मी म्हटलं, “अरे, ती बाई असं विचारणारी असती तर एक फोन नसता केला?”

“लाज वाटत असेल.”

“कशाची?”

“आपली,” तो म्हणाला. आणि याचं इंजिन बंद.

१५ एप्रिल, मंगळवार

आज एक गुन्हा केला. अर्धा.

बाजाराच्या तोंडाशी ग्योन आजोबा शिक्के कोरतात. म्हटलं, लाकडी हवा, नाव युक सुल्गी.

“कोण गं ही?”

“भाची.”

“भाचीचं नाव सांगताना घाम का फुटतो तुला, मालसुन?”

दहा मिनिटांत तयार. घरी येऊन रुग्णालयाचा कागद टेबलावर पसरला. लाल शाईची डबी उघडली. ‘जन्मदाते पालक’ लिहिलंय, पुढे छोटा गोल. शिक्का गोलावर धरला. एवढंसं लाकूड! उमटवलं की परवा नळ्या बसल्या.

आयुष्यभर मालकांचे खोटे कागद फाटकावर वाचून दाखवणारी मी. हात खालीच येईना. नियम मोडवत नव्हता म्हणून नाही, नियम गेला खड्ड्यात! पण नाव माझं नव्हतं. कुणी माझ्या नावाने असा शिक्का मारला असता तर मी गाव पेटवलं असतं.

सोदाम मागून आली. “काय करतेस?”

“गृहपाठ.”

“तुला येत नाहीये?”

“नाही येत.”

शिक्का शाईसकट औषधाच्या डबीत, डबी पर्सच्या तळाशी. तोक्सूच्या हाती लागता कामा नये.

१८ एप्रिल, शुक्रवार

शाळेतून चिठ्ठी: ‘सोदाम वर्गात लक्ष देत नाही.’ लक्ष देते हो, तिच्यापर्यंत पोचतच नाही! चिठ्ठीमागे सहा मुद्द्यांत उत्तर लिहिलं. जागा पुरली नाही.

२१ एप्रिल, सोमवार

अकरा पत्रांना दोन उत्तरं. एकात ‘आपल्या सूचनेबद्दल आभार’. दुसऱ्यात या वर्षीचं कॅलेंडर.

जेवताना तोक्सू म्हणाला, “सुल्गी वानदो बेटावर आहे.”

चमचा हातातून पडला. दोन आठवडे हा माणूस दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बोटवाल्याला विचारत होता. मला न सांगता! समुद्रातल्या अबलोन शिंपल्यांच्या शेतीवर काम करते म्हणे, तरंगत्या पिंजऱ्यांतून ते खरवडायचं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू पत्र लिहिलं असतंस.”

वू मॅडमना कळवलं. आधी ओरडल्या: “मावशी, असं परस्पर शोधायचं नसतं! नियम आहे!” मग म्हणाल्या, “नंबर मिळाला का?” मिळाला होता. त्यांनीच फोन लावला: सुल्गी भेटायला तयार आहे. पण वू मॅडमसमोर.

२६ एप्रिल, शनिवार

वानदोहून परतले. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं आठवेन.

शेडमागे तीन उलटे क्रेट, त्यांवर आम्ही तिघी. सुल्गी रबरी बुटांत, बारीक झालेली. उजव्या हाताची चार बोटं पट्टीत, सुरी लागली म्हणाली. मी चार मुद्दे तयार करून नेले होते. दुसऱ्यावर होते तेवढ्यात ती म्हणाली,

“सही हवी म्हणून आलात ना?”

“हो, पण मुद्दा असा आहे की…”

“सही नको असती तर आला असतात?”

वू मॅडम नंतर म्हणाल्या, अकरा सेकंद गप्प होतात, मी मोजले.

मग सुल्गीच बोलली. समुद्राकडे बघत. “दर महिन्याला यायचे. बसमध्ये ठरवायचे, आज सोदामला काय सांगायचं. दारात आले की तुम्ही सुरू. दुधात साखर, माझ्या केसांचा रंग, मी उशिरा का आले. मावशी, तुम्ही बोलता ना, तेव्हा मी कोर्टात उभी असते. परत जाताना वाटायचं, राहू दे, तिथे बरी आहे ती. मग यायलाच जमेना.”

आकडेवारी बरोबर होती माझी. आजही बरोबर आहे! पण ती काय उपयोगाची?

मी कानांचं सांगितलं. मुद्दे नाहीत, नुसतं सांगितलं. तिने एकच विचारलं, “भूल देताना हात धरायला कुणी असतं?”

कागद घेतला आणि थांबली. “लिहू कशी या हाताने? शिक्का तर कधीचा हरवला.”

मी पर्स उघडली. डबी काढली. शिक्का तिच्या पुढ्यात ठेवला. वू मॅडम झटकन वळून बोटी मोजायला लागल्या. “मला काही दिसलेलं नाही,” म्हणाल्या.

सुल्गीने शिक्का फिरवून पाहिला. “माझं नाव! हा तुमच्याकडे कसा?”

“तुझ्या नावाने मीच उमटवणार होते.”

“मग?”

“जमलं नाही.”

ती हसायला लागली. क्रेटवरून पडेल अशी. “एवढ्या मोठ्या गळ्याची बाई, आणि एवढंसं लाकूड उचलेना!” सोदामचंच हसू, नाक वर करून. मग डाव्या हाताने शिक्का मारला. उलटा.

“चालेल,” वू मॅडम बोटींना म्हणाल्या. “खिडकीतली मुलगी मान वाकडी करून वाचेल.”

८ मे, गुरुवार

झालं! दोन्ही कान. सुल्गी पहाटेच्या बसने आली. आत एकालाच सोडतात. “जवळचं कोण?” खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे बघत विचारलं. तयारच होती बिचारी, आवाजासाठी. मी सुल्गीकडे बोट दाखवलं.

बाहेर बाकावर तोक्सू आणि मी. पंधरा मिनिटांत त्याने टोपी चाळीस वेळा फिरवली.

सोदाम शुद्धीवर आली तसे आम्हीही आत घुसलो. तिने आईकडे पाहिलं, हात सोडला नाही. मी म्हटलं, “सोदाम, बाळा, कसं वाटतंय?” तर दचकली.

“मावशी, रागावलीस?”

“नाही गं!”

“मग ओरडतेस का?”

“हा माझा नेहमीचा आवाज!”

“नेहमीचा?” पोर अवाक. तेवढ्यात तोक्सू काहीतरी पुटपुटला. ती गर्रकन त्याच्याकडे वळली. “काका! तू बोलतोस?”

परिचारिकेने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. सुल्गी सोडून.

१२ मे, सोमवार

सोदामला फ्रीजचा आवाज सापडला. दुपारभर त्याच्यासमोर बसली होती. मी भाषणाचा सराव मोरीत करते.

१५ मे, गुरुवार

भाषण पक्कं झालं. चार मिनिटं पन्नास सेकंद! मागण्या: उपचाराच्या सहीचा हक्क, दाखल्यावर ‘प्रतिपालक’ हा शब्द, वर्षाला वीस तास खरं प्रशिक्षण. एकही शब्द मागे घेणार नाही. ‘ती बाई’ एवढं खोडलं.

१७ मे, शनिवार

काल वू मॅडमचा फोन आला. सुल्गीने सोदामला घरी न्यायचा अर्ज केला होता, मंजूर झाला. जुलैत वानदोला जाणार, कायमची. मला विचारायची नियमात तरतूद नाही. सोदामला सांगितलं तेव्हा ती उडी मारून नाचली.

मेळाव्यात मागण्या वाचल्या. सगळ्या. मग उरलेला कागद घडी घालून ठेवला आणि म्हटलं: प्रतिपालकांनो, आज घरी जाण्याआधी तुमच्याकडच्या मुलाच्या आईला एक पत्र लिहा आणि केंद्राकडे द्या. तिच्याकडून काहीही नको असताना लिहा.