शेजारच्या तव्यावरचा हेरिंग

अर्डाल,
१२ ऑक्टोबर २०१४

ती. इशबेल आत्यास,
मुरियलचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे आणि ग्लासगोचे ते तीन जिने यांचं जमलं का? इथे सगळं ठीक. बाबा बहात्तराव्या वर्षीही कुंपणाच्या खांबांवरून माझ्याशी भांडतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

बातमी अशी, की गावसभेने मला डोंगराची शिकारी नेमलंय. इस्टेट गावाच्या मालकीची झाल्याला पाच वर्षं झाली. रोपं खाणारी जादा हरणं मारायला लागल्यापासून बर्चची रोपं माझ्या कमरेला आली, आणि उरलेली हरणं अशी भरलीत, की एखादं ओढून खाली आणताना माझा जीव जातो. मांस निम्मं व्यापाऱ्याची गाडी नेते, निम्मं आता सभागृहातल्या फ्रीजमधून गावातल्या घरांत जातं.

अडचण त्या घरांतच आहे. दुकानातल्या चरबीदार मांसासारखं सगळे ते तासन्‌तास भाजतात आणि मग मला नावं ठेवतात. पोस्टातली मॉर्ना म्हणते, की तिने त्यातून बुटाचे तळवे कापले. संत अँड्र्यूच्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, गावजेवण आहे. ते फसलं तर पुढच्या वर्षीपासून सगळंच मांस व्यापाऱ्याला द्यायचं, असं सभेत ठरलंय.

तू हरणाच्या मांसाला तोंड लावत नाहीस, हे मला माहीत आहे. पण आजीची रीत आता फक्त तुलाच ठाऊक. बाबांना इतकंच आठवतं, की शेजारच्या तव्यावर नेहमी एक हेरिंग मासा तळत असायचा. रीत लिहून धाड आणि जेवणाला ये.

तुझ्या रागालोभाची सवय झालेली,
मुरियल

ग्लासगो,
२० ऑक्टोबर २०१४

चि. मुरियल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि खालच्या मजल्यावरच्या मिस्टर पेट्रींना चौथ्यांदा वाचून दाखवलं. ज्या डोंगरावर माझ्या बाबांना मान खाली घालून चालावं लागे, तिथे आता माझी भाची बंदूक घेऊन उजेडात फिरते. माझी छाती इतकी फुगली, की कोटाचं बटण लागेना. पेट्री म्हणाले, तो बिस्किटांचा परिणाम आहे.

आता मॉर्नाला सांग. डोंगरावरच्या हरणाला अंगची चरबी नसते, ती आपण द्यायची. मांडीचा तुकडा आधी बाहेर ठेवून त्याची थंडी घालवायची. तवा चांगला तापला की लोणी, ज्युनिपरच्या झुडपाची चिरडलेली चार फळं, आणि तुकडा सगळीकडून तांबूस होईपर्यंत फिरवायचा. मग ओव्हनमध्ये थोडाच वेळ. आत गुलाबी असतानाच काढायचा आणि जितका वेळ शिजवला तितकाच वेळ झाकून ठेवायचा. सुरी लावायची घाई केली तर सगळा रस ताटात जातो. खांद्याचं मांस मात्र सलगम आणि बार्लीबरोबर दुपारभर मंद शिजू दे.

हेरिंगचं तुझ्या बाबाला, रोरीला, आठवतं ते बरोबर आहे. असायचा.

जेवणाला येणार नाही. गुडघ्यांचं कारण सांगते आहे, ते मानून घे.

तुझी भित्री आत्या,
इशबेल

अर्डाल,
९ नोव्हेंबर २०१४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या रीतीने गाव जिंकलं. मॉर्नाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि बुटांचा विषय काढला नाही. मी तुझी रीत छापून प्रत्येक पाकिटाला चिकटवली आहे, ‘शेजारच्या तव्यावर एक हेरिंग तळावा’ या ओळीसकट. गावातल्या मांजरांचे सध्या सणाचे दिवस चाललेत. हेरिंगच्या तेलाच्या वाफेने मांस मऊ पडतं, असं मॉर्ना सर्वांना समजावून सांगते.

बसच्या ड्रायव्हरबरोबर या मोसमातली माझी पहिली मादी, म्हणजे तिच्या मांडीचा तुकडा, तुला पाठवते आहे. खायलाच हवा असं नाही. नुसता बघ. इतकं सुंदर मांस आपल्या डोंगराने पिकवलंय.

उत्तराकडे डोळे लावून,
मुरियल

ग्लासगो,
१६ नोव्हेंबर २०१४

चि. मुरियल हिस आशीर्वाद.

मॉर्नाचं वाचून हसता हसता पुरेवाट झाली आणि मग रडू आलं. पेट्री घाबरून चहा घेऊन वर आले.

पोरी, हेरिंगचा मांसाशी काही संबंध नाही. तो वास लपवायला असायचा. हरणं इस्टेटीच्या मालक साहेबांची होती आणि आपलं घरही साहेबांचंच होतं. हिवाळ्यात बाबा एखादी मादी लपूनछपून आणत, आणि आई खिडक्या घट्ट लावून हेरिंग जाळायची, म्हणजे रखवालदाराला नुसती मासळी वाटावी.

शेहेचाळीसच्या हिवाळ्यात एकदा हेरिंग मिळाला नाही. घरात धूर कोंडला, रोरी खोकून खोकून निळा पडला, आणि अकरा वर्षांच्या मी खिडकी उघडली. अर्ध्या तासात दार वाजलं. आठ दिवसांत घर खाली करून आम्ही ग्लासगोला आलो. बाबांनी पुढे जन्मभर गोदीत ओझी वाहिली. रोरी मोठेपणी अर्डालला परतला, मी नाही. खिडकी कुणी उघडली, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आज तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

तुकडा पोचला. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आहे. मी अजून दार उघडून नुसतीच बघते.

हे वाचूनही माया तशीच ठेवशील या आशेत,
इशबेल

अर्डाल,
२१ नोव्हेंबर २०१४

ती. आत्यास,
सा. न.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, की म्हणजे इशीने माझा जीव वाचवला आणि अडुसष्ट वर्षं त्याची शिक्षा भोगली. एवढं बोलून डोळे पुसले आणि हत्यारांची पेटी घेऊन निघून गेले.

तुला सांगायचं राहिलं होतं. शिकाऱ्याला गावाकडून घर मिळतं, आणि मला मिळालेलं घर तुमचंच जुनं आहे. बाबांनी त्या खिडकीला नवी चौकट बसवली. इशी येऊन उघडेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम आहे.

माया तसूभरही कमी न झालेली,
मुरियल

ग्लासगो,
२४ नोव्हेंबर २०१४

चि. मुरियल हिस अनेकानेक आशीर्वाद.

काल भर दुपारी तवा तापवला. लोणी, ज्युनिपर, तुझा तुकडा. हेरिंग नाही. मग स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. वास खालच्या चौकात गेला, मी जाऊ दिला.

आणि दार वाजलं. माझ्या हातातली पळी खाली पडली. एकोणऐंशीची मी, अकरा वर्षांच्या मुलीसारखी खिडकी लावायला वळले, आणि मग दारच उघडलं. दारात पेट्री होते. काय शिजतंय म्हणून विचारत होते, हातात स्वतःचं ताट घेऊनच आले होते. मी जिन्याभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की हे अर्डालचं हरीण आहे, आमच्या डोंगरावरचं, माझ्या भाचीने मारलेलं.

पेट्री ताट पुसून गेले. मीही दोनदा वाढून घेतलं. बाबा एवढा जीव धोक्यात का घालत, ते पहिल्या घासाला कळलं.

शनिवारच्या बसने येते आहे. पाकिटावरची हेरिंगची ओळ काढू नकोस. तिच्याखाली माझ्या नावाने फक्त एवढं छाप, की खिडकी उघडी ठेवावी.

बसथांब्यावर रोरीला पाठव. त्याला पोटाशी धरायचं आहे.

तुमची,
इशी