तिसऱ्या पात्यावरचा आळ

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
बारकीचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. आमच्या डॉक्टरांचं बोट त्यांच्या संग्रहातल्या आफ्रिकी सुऱ्याने कापलं, असं मी त्यांच्या सांगण्यावर विसंबून लिहिलं. ते खरं नाही. तू सुऱ्यासाठी पाठवलेल्या लाकडी पेटीच्या कडेला पत्र्याची पट्टी आहे, तिने कापलं. रक्ताचा डाग पट्टीवर होता, सुऱ्यावर नव्हता. पत्र्याला इतकी धार कुठून आली ते मात्र कळत नाही.

तू सुरा पाहिलेला नाहीस. तो फेकून मारायचा आहे. एकाच दांड्याला फांद्यांसारखी तीन पाती, त्यांवर लोहाराने केसासारख्या बारीक रेघा कोरलेल्या. लोहार कुठल्या गावचा ते कुठेच नोंदलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. घामाने गंज चढतो, म्हणून मी हातमोजे घालते. गंजावर तेलाचा थेंब सोडायचा, बांबूच्या काडीने हळूच खरवडायचं, पुसायचं आणि वरून मेणाचा पातळ हात. काळपटपणा हा मळ नव्हे, ते लोखंडाचं वय आहे. घासलं तर रेघाही जातील. धार तर मुळीच लावायची नाही. न कापणाऱ्या सुरीला तू चमचा म्हणतेस, पण हा चमचाच राहू दे.

डॉक्टर आयुष्यभर दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे आपल्या संग्रहातल्या प्रत्येक शस्त्राला वेळ ठरवून बोलावतात आणि मुठीखाली रुमाल बांधतात. तलवारीला चूळ भरायला सांगायचं तेवढं बाकी आहे. तरी माणूस प्रेमळ आहे.

काकांना नमस्कार. रागावली असलीस तर रागाव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
बारकी


शनिवार, ७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती पोचली, पण उशिरा. आधीचं पत्र मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून काका कात्र्यांकडे पाठ करून बसत नाहीत.

त्यातच डॉक्टरांचं पत्र आलं. धार लावणारी आत्या आहे हे तूच त्यांना सांगितलंस ना? ते लिहितात, तिसरं पातं चावरं निघालं आहे, ते मुळापासून काढावं लागेल, बाकीची दोन निरोगी आहेत. शुक्रवारी ड्रायव्हर सुरा घेऊन येईल. त्या दिवशी सकाळपासून सुऱ्याला तेल द्यायचं की उपाशी ठेवायचं, असंही विचारलंय. तुझ्या साहेबांचं काम म्हणून मी हो कळवून बसले. आणि पत्करलेलं काम आपण परत करत नाही. तुझ्या आजोबांनी भांडण चालू असताना शेजाऱ्याच्या करवतीला धार लावून दिली, तिनेच त्याने आमचं झाड तोडलं. तेव्हा सुरा आला की माझी कानस चालणार. थांबवायचं तर डॉक्टरांनीच थांबवायला हवं, आणि त्यांना सांगायला तूच हवीस.

पत्र्याच्या धारेचं म्हणशील तर अगं, पेटी पाठवण्याआधी ती पट्टी मीच चाकावर धरली. दुकानातून बोथट वस्तू गेलेली मला खपत नाही. झाकणाच्या कडेलाही धार लावली आहे, जपून उघड.

बाईंनी अर्धा मार्क जास्त दिला म्हणून रडत परत करायला गेलेली तूच ना? मग आता कशाला कचरतेस? माझं नाव घे हवं तर. काकांचं नको, त्यांनी नुसते खिळे मारले.

वेळेवर जेव, आत्याला विसरू नकोस आणि बोटं दहाच्या दहा ठेव.

तुझी,
आत्या


मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल बोलायला गेले होते. डॉक्टर पाहुण्यांना बोट दाखवत होते. आता त्यांच्या सांगण्यात सुरा भिंतीवरून झेपावतो. पाहुण्यांतली एक बाई डोळे पुसत होती. मी चहाचे कप उचलून परत आले. पेटीने कापलं हे कळलं तर त्यांची सगळी शान जाईल, आणि पेटी माझ्या घरची हे कळलं तर बहुतेक माझी नोकरीही. तुझं नाव वगळून, पेटीला पहिल्यापासूनच धार होती असं म्हणून पाहिलं. आरशासमोरसुद्धा जमलं नाही.

मग सुचलं की डॉक्टर शब्दांवर नाही, पण ठशांवर विश्वास ठेवतात. त्यांच्या खणातलं कवळीचं गुलाबी मेण त्यांना विचारून घेतलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. पात्याच्या कडेचा ठसा घेतला, तो साबणासारखा गुळगुळीत आला. पेटीच्या पत्र्याचा घेतला, त्यात काकांच्या खिळ्यापाशी एक बाक आहे. बोटाची पट्टी मीच बदलते, आणि जखमेलाही नेमका तोच बाक आहे. कुठला दात कुठे लागला हे त्यांना मी शिकवायची गरज नाही.

पेटीची धार पुराव्यापुरती ठेवली आहे. नंतर कानशीने मोडणार आहे. आपल्या घरात आजवर कुणी धार मोडलेली नाही, त्याबद्दल माफ कर.

ड्रायव्हर शुक्रवारी निघेल. त्याच्या आदल्या दिवशी, जखमेची पट्टी सोडताना, दोन्ही ठसे डॉक्टरांसमोर ठेवणार आणि पेटी माझ्या आत्याची आहे हेही सांगणार. तुझा लोभ त्यानंतरही असाच असू दे. आदल्या दिवशी म्हणजे गुरुवारी, १२ तारखेला.

तुझी,
बारकी