पॅक केलेली पानं

आई, हल्ली दुपारचं जेवण झालं की मी टॅबवर पोकर खेळते. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तू कपाळाला आठ्या घालून बसशील. पैसे लावून नाही खेळत. नुसते खोटे पॉइंट असतात, संपले की पुन्हा मिळतात. मी विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा तुझ्या नातवानं हा टॅब आणून दिला आणि म्हणाला, "तू दिवसभर घरात बसून माझ्या बायकोच्या फोडणीला नावं ठेवणार, त्यापेक्षा हे खेळ." मुलगा तुझ्यावर गेलाय, तोंडावर बोलतो. बिडकीनकडच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बरोबरीच्या पोरांना घरी बोलावून पोकर खेळतो. तेही बिनपैशाचं, पण चेहरे असे करतात की जसं काही घर गहाण पडलंय.

माझा टॅबवरचा खेळ वेगळा आहे, त्याला व्हिडिओ पोकर म्हणतात. मशीन पाच पानं देतं. त्यातली हवी ती ठेवायची, नको ती एकदाच बदलून घ्यायची, बस्स. गुलामाची किंवा त्याच्या वरची जोडी जमली की पॉइंट मिळतात, मग जसजसा हात मोठा तसे जास्त. सुरुवातीला मी फार हावरटपणा करायचे. हातात राण्यांची चांगली जोडी असायची, आणि चार पानं एका रंगाची दिसली की ती जोडी मोडून पाचव्याच्या मागे धावायचे. हळूहळू अक्कल आली. मिळालेली मोठी जोडी मोडायची नाही. बारकी जोडी आणि एकटा एक्का असेल तर एक्का कितीही रुबाबदार दिसला तरी सोडायचा, जोडी ठेवायची. या खेळात आपण काय धरतो यापेक्षा काय सोडतो यालाच महत्त्व आहे. तुझी रोज आठवण येते ती इथेच.

तुला हा खेळ आवडला असता, याची मला खात्री आहे. समोर माणूसच नाही ना. तू जिंकलीस म्हणून मशीन काही ताट सरकवून उठत नाही.

आपल्या सिडकोतल्या घरात शनिवारी संध्याकाळी बाबांचे ऑफिसातले दोन मित्र यायचे आणि तीन पत्तीचा डाव पडायचा. चौथा भिडू म्हणून बाबा तुला बसवायचे. तू माहेरी कन्नडला मामांच्या बरोबरीनं पत्ते खेळत वाढलेली. पानं अशी पिसायचीस की बाबांचे मित्र बघत राहायचे. खेळ साधाच होता. प्रत्येकाला तीन पानं. ज्याला आपल्या पानांचा भरवसा तो चाल वाढवत नेणार, ज्याला नाही तो पानं पालथी टाकून पॅक करणार. मी तुझ्या पाठीला टेकून बसलेली असायचे आणि तुझी पानं मला दिसायची.

एका दिवाळीचं आठवतं. तू आणि बाबा दोघंच डावात उरला होतात. बाबांनी शो मागितला आणि तू किल्वरची ओळीनं तीन पानं खाली मांडलीस. एक मित्र मोठ्यानं हसला. "साहेब, तुमची तर घरातच विकेट पडली," म्हणाला. बाबाही हसले, पण ते हसणं मित्र जाईपर्यंतच टिकलं. रात्री त्यांनी ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी डबा ओट्यावर तसाच ठेवून ऑफिसला गेले. बाकी माणूस वाईट नव्हता, तुला ठाऊक आहे. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतःची हौस कधी केली नाही. पण तुझ्याकडून हरणं त्यांना पचायचं नाही. मित्रांकडून हरले तर त्यांचं काही बिघडायचं नाही, तुझ्याकडून हरले की घरात आठवडाभर कोणी बोलायचं नाही.

त्यानंतर तू पॅक करायला लागलीस. मला आधी वाटलं, तुला चांगली पानंच येत नाहीत. मग एकदा मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं तर तीन सत्त्या. ट्रेल. त्याहून मोठं फारसं काही नसतं. माझ्या तोंडून शब्द फुटणार तेवढ्यात तू मागे हात घालून माझ्या पोटरीला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. आणि अगदी सावकाश पानं पालथी टाकून म्हणालीस, "माझं काय नाय बाई, तुमचं चालू द्या. चहा टाकते." तो डाव बाबांनी राजांच्या जोडीवर जिंकला आणि घर हसत झोपलं.

मी तुझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले होते. मी रागानं विचारलं, "तू टाकलीस कामून? तुझंच मोठं होतं." तू आलं किसत होतीस. वर न बघता म्हणालीस, "मोठं होतं म्हणून तर टाकलं. लहान पान टाकाया काय लागतं?" आणि मग, बहुतेक माझा फुगलेला चेहरा बघून, तू मला खेळायला शिकवलंस. गॅसवर चहा उकळतोय आणि तू सांगतेयस, "आपली पानं उशिरा बघायची. आधी समोरच्याचं तोंड बघायचं, तो स्वतःची पानं बघताना. ज्याला चांगलं पान येतं तो गप होतो. ज्याचं फसलंय तो लई बोलतो. आन तुझे बाबा, त्यांना चांगलं पान आलं की चहा मागतात." मी हसून हसून बेजार झाले. बाहेरून बाबांचा आवाज आला, "चहा आण गं," आणि आपण दोघी एकमेकींकडे बघून तुझाच पदर तोंडात कोंबून हसलो. ते तुझं हसणं मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिलं.

बाबा गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस. मग तुझं खुब्याचं हाड मोडलं आणि तू पलंगाला खिळलीस. एक दिवस मी रजा घेऊन घरी होते, तर तू म्हणालीस, "पत्ते आहेत का गं घरात? काढ. आपण दोघीच खेळू." मी चिंचोके वाटून घेतले, तुझ्या पाठीशी उशी लावली आणि पलंगावरच डाव मांडला. पत्ते पिसताना तुझी बोटं पहिल्यासारखी चालत नव्हती. दोनदा पानं चादरीवर सांडली. मला भडभडून आलं आणि मी नको तो शहाणपणा केला. चांगली जोडी आली, मी पॅक केलं. सिक्वेन्स आली, पॅक केलं. तू चिंचोके ओढून घेत होतीस आणि मला वाटत होतं, म्हातारीला किती बरं वाटत असेल.

तिसऱ्यांदा मी पानं टाकली तेव्हा तू चिंचोक्यांना हात लावला नाहीस. "चांगलं पान आलं की तू कानातलं चाचपते," म्हणालीस. "ल्हानपणापासून. आताबी चाचपलं आन पानं टाकली." मी काहीतरी सारवासारव करायला लागले तर तू हात वर केलास. "माझ्यासंग असं नको खेळू, बाई. मी जन्मभर हेच केलं, मला कळत नाय व्हय? आता कोन रुसाया बसलंय इथं? एकदा तरी कोनीतरी खरं खेळा माझ्यासंग." आवाज चढला नव्हता, पण तू इतकं गयावया करून काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणाले, "बरं, चुकलं माझं. आता खरं खेळते."

आणि खरंच खेळले. मला एक्का, गुलाम आणि छक्की आली, तिन्ही बदामाची. एक्क्याचा कलर, दोघींच्या डावात भरपूर झाला. मी कानाला हात लावला नाही. चाल टाकली. तू वाढवलीस. मी पुन्हा टाकली, तू पुन्हा वाढवलीस, तोंडावर एक रेघ हलली नाही आणि एक शब्द नाही. ज्याला चांगलं पान येतं तो गप होतो, हे मला तूच शिकवलं होतंस. शो मागितला असता आणि हरले असते तर माझ्याकडचे सगळे चिंचोके संपून खेळ तिथेच आटोपला असता. माझ्या डोळ्यांपुढे तर तीन सत्त्याच नाचायला लागल्या. बराच वेळ विचार करून मी पानं पालथी टाकली.

तू तुझी पानं चादरीवर मांडलीस. दुर्री, पंजी, नव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची. त्याहून भिकार पानं शोधून सापडली नसती. तुझा चेहरा तुझ्या लग्नाआधीच्या, कन्नडच्या जुन्या फोटोतल्या मुलीसारखा झाला होता. मग तुला राहवलं नाही, तू हात लांब करून माझी पानं उलटलीस. एक्का, गुलाम, छक्की, सगळी बदामाची. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस आणि चेहऱ्यावरचं सगळं निघून गेलं. "एक्क्याचा कलर टाकून दिला व्हय," म्हणालीस. "पुन्हा तेच केलं ना." तेव्हा मी एवढंच सांगायला हवं होतं की नाही आई, मी फसले. पण तसल्या पानांपुढे मी शेपूट घातली, पलंगावर पडलेल्या म्हातारीनं मला गंडवलं, हे तोंडातून निघेना. स्वतःला मी फार हुशार खेळाडू समजत होते ना. मी हसले आणि म्हणाले, "जाऊ दे गं, जिंकलीस ना?" तू पत्ते गोळा करून माझ्या हातात दिलेस. "ठेव ते. आता नाय खेळायचं." त्यानंतर तू पत्ते कधी मागितले नाहीस, आणि त्या वर्षीचा पावसाळा संपायच्या आत गेलीस.

गेल्या रविवारी मुलाच्या डावात मी चौथी बसले होते. त्याच्या एका मित्रानं संध्याकाळभर नुसतं पॅक केलं आणि शेवटी एकच चाल अशी टाकली की सगळ्यांनी पानं पालथी टाकली. हातात काहीच नव्हतं त्याच्या. मुलगा मला समजावत होता, "आई, जो सारखा पॅक करतो ना, त्याची चाल सगळे खरी मानतात. पण त्यासाठी आधी खूप वेळ गप हरत बसावं लागतं. एवढा दम कोणात नसतो." मी उठून आत गेले आणि बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. तू आयुष्यभर पॅक करत आलीस आणि ते सगळं एका डावात लावलंस, तेही इतकं चोख की ती जीत तुला स्वतःलाही मी दिलेलं दान वाटली.

मी बाहेर आल्यावर मुलानं विचारलं, आजी पण खेळायची ना गं? मी म्हणाले, हो, शेवटी शेवटी मी तिला मुद्दाम जिंकू द्यायचे. तो म्हणाला, किती चांगली आहेस तू. मी पुढची पानं वाटली. इतक्या वर्षांनीही मला ते तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. तो कलर मी तुझ्यासाठी टाकला नव्हता, आई. तुझ्या चालीला घाबरून टाकला होता.