वध नसलेली पोथी

बा, ग्रां बुआ गावात या रविवारी मला भाषणाला बोलावलंय. लोक म्हणतात, भाषण झालं की ते पुस्तक पुन्हा वाच. तेच फ्रेंच पुस्तक, ज्यावर तू हळदकुंकू वाहिलं होतंस.

पुस्तक मोठ्याने वाचायचं म्हणजे ती पोथीच, एवढंच आपल्या माणसांना ठाऊक. त्या दिवशी आंब्याखाली उसाच्या मळ्यावरची सगळी वस्ती जमली. तू पाटावर धुतलेलं फडकं घातलंस, नारळ ठेवलास आणि मी, पाद्र्याच्या शाळेत शिकलेला तुझा थोरला, एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगू लागलो. गोष्ट एका जमीनदाराची. खादाड, भित्रा, बढाईखोर. उंदीर दिसला की तो खुर्चीवर चढतो आणि खाली उतरला की नोकराला जोड्याने बडवतो. लिहिणाऱ्याची करामत अशी की नोकर कळवळतो तिथेच हसू फुटतं.

"आयो! हा तर आपला सिरदार!" शेजारची काकू ओरडली आणि हशा दुप्पट झाला. मळ्यावरच्या त्या मुकादमाने हसणाऱ्या प्रत्येकाची पाठ फोडलेली होती. तुझीही.

तू मात्र हात जोडून बसला होतास. शेवटी जमीनदाराचं एका श्रीमंत विधवेशी लग्न लागतं आणि तो ढेकर देऊन झोपतो. मी पुस्तक मिटलं.

"आणि वध?" तू विचारलंस.

"वध नाही, बा. हे हसायचं पुस्तक आहे."

"मग राक्षस जित्ता कसा रे?"

"राक्षस कुठला! माणूस आहे तो."

"अर्धी पोथी ऐकून उठू नये," म्हणालास आणि नारळ न फोडताच उचललास.

दुसऱ्या दिवशी सिरदाराने तापाने फणफणलेल्या काकूला केसांना धरून उसाच्या सरीत फरफटवलं. तू कोयता खाली टाकलास. त्याच्या हातातला चाबूक हिसकावलास आणि त्याच चाबकाने त्याचं तोंड फोडलंस. त्याचे दात चिखलात पडले, एक डोळा फुटला. मग मालकाची माणसं काठ्या घेऊन आली. मला दोघांनी मातीत दाबून धरलं होतं. तुझ्या बरगड्या मोडताना मी ऐकल्या. इस्पितळाच्या वाटेवर, बैलगाडीतच तू गेलास. सिरदार जगला. एका डोळ्याने दुसऱ्या मळ्यावर चाबूक चालवू लागला.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. कार्तिए मिलितेरपर्यंत गावोगाव ओरडत फिरतो, की चाबूक कायद्याने मोडत नसेल तर हाताने मोडा. पुस्तकातल्या जमीनदारासारखी माणसं गमतीची वाटतात ती चाबकाच्या टप्प्याबाहेर बसलेल्याला, हेही ठणकावून सांगतो. पण आपण तर टप्प्यातच बसून हसत होतो. तिथे माझं भाषण अडतं, बा.

रविवारी कुणीतरी वध विचारणारच. काय सांगू, ते अजून ठरलेलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. काल तयारीसाठी ते पुस्तक उघडलं. जोडा चुकवायला नोकर टेबलाखाली शिरतो तिथे मी एकटाच खो खो हसलो. बायको बघायला आली. तिला म्हटलं, ठसका लागला.