डोळ्याखाली हिरवा

बाबा, तुम्ही वेळेवर गेलात असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता सांगणार नाही. अजून थोडं थांबला असतात तर परवा गोरेगावला तुम्हाला मान वर करून बघावं लागलं असतं, आणि तुमची मान तर फ्लेक्स आला तेव्हापासून खालीच होती. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने मेलेल्या बापाला लिहायला बसावं हे काही बरं दिसत नाही. पण समोर तुम्ही नाही, आणि भिंतीवरच्या फोटोशी बोलणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. म्हणून लिहिते. अक्षराला नावं ठेवू नका. शाळेतून तुम्हीच काढलीत मला, रस्त्यापलीकडे उभं राहायला माणूस हवा म्हणून.

अंधेरीचा तो रस्ता आता ओळखू येत नाही. पण मी अजून तिथल्या फुटपाथवर उभी आहे, दोन वेण्या, पायात मोठ्या भावाच्या चपला. सिनेमाचं बॅनर तुम्ही शेडमध्ये तुकड्यातुकड्यांनी रंगवता, कापडावर चौकोन पाडून, आणि मग वर चढवून जोडता. हिरोचं कपाळ एका तुकड्यात, नाक दुसऱ्यात. जोडल्यावर उरलेला हात परांचीवरून मारायचा. तुमचं तोंड हिरोच्या गालाला चिकटलेलं, तुम्हाला तिथून काय दिसणार? नुसती रंगाची ढेकळं. म्हणून मी समोर, आणि मधून बसगाड्या. "काय दिसतां गो?" तुम्ही वरून ओरडता. मी खालून ओरडते, "डावा डोळा पडलाय! लकवा मारल्यागत दिसतोय!" येणारेजाणारे हसतात. तुम्ही हसत नाही, डोळा उचलता. तेव्हापासून माझी जीभ अशी झाली ती झाली. सून म्हणते, आई, जरा गोड बोलत जा ना. मी गोड बोलले असते तर अर्ध्या अंधेरीतल्या हिरोंची नाकं कानाला टेकली असती. एका उन्हाळ्यात तुम्ही मला छत्री आणून दिलीत, काळी, पुरुषी, बाकदार मुठीची. "उन्हात डोळे मिचकावतंस, मगे चुकीचा सांगतंस," म्हणालात. माया वगैरे नव्हती ती. हत्यार सांभाळत होतात.

ब्रशला मात्र हात लावू दिला नाहीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये हिरॉईनच्या कानातलं डूल रंगवलं. तुम्ही आलात, बघितलंत, टर्पेंटाइनचा बोळा घेतलात आणि पुसून टाकलंत. "तुझा काम बघूचा. काढूचा काम माझा." एवढंच बोललात. मला राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण डूल वाईटच झालं होतं, तेही लिहिते.

मग फ्लेक्स आला. मशीनमधून हिरोचा चेहरा चादरीसारखा सरसर बाहेर यायचा, ना चौकोन, ना परांची. तुम्ही घरी बसलात. कोथिंबीर आणायला गेलात तरी मान खाली, रस्त्यावर वर काय लागलंय ते दिसू नये म्हणून. असेच मान खाली घालून गेलात.

आता तुमची पणती. माझ्या मुलाची मुलगी, तुम्ही तिला बघितली नाहीत. चित्रकला शिकली आणि मरोळला एका ऑफिसात सिनेमाची पोस्टरं करायला लागली. कॉम्प्युटरच्या काचेवर काढायची, पण हातानेच. मग तिथे एआय आलं. ते काय असतं ते मला विचारू नका. मला कळलं ते एवढंच, की काय हवं ते शब्दांत सांगायचं आणि आपण पाणी प्यायला उठेपर्यंत ते चित्र काढून देतं. मालकाने सगळ्यांना सांगितलं, आता तुम्ही काढू नका, त्याने काढलेलं सुधारा. माझी नात दिवसभर त्याची वाकडी बोटं सरळ करीत बसायची. "मोलकरीण झालीस गं त्याची," मी म्हटलं. "त्याचं उष्टं काढतेस." "आजी, तू गप्प बस ना," म्हणाली आणि जेवली नाही. पुढे बोटंही ते नीट काढायला लागलं, तेव्हा हिला घरी बसवलं.

कांदिवलीच्या आमच्या घरात कोणी घरी बसलं की लपत नाही, दोनच खोल्या. ना कागद, ना पेन्सिल. सून म्हणाली, बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. पोरीने भांडायला हवं होतं. ती "हो" म्हणाली. एक मान खाली गेलेली मी बघितली होती. दुसरी बघायची माझी तयारी नव्हती.

तेवढ्यात गोरेगावच्या स्टुडिओतून तिच्या ओळखीच्या एका बाईचा फोन आला. ही बाई सिनेमाचे सेट उभे करते, जिभेने माझ्याहून तिखट. जुन्या मुंबईचा रस्ता उभारला होता आणि त्यावर मोठं बॅनर हवं होतं. बॅनर एआयकडून काढून घेऊन छापलेलं तयार होतं. पण त्या सिनेमातला हिरो परांचीवर चढून बॅनरसमोरच मारामारी करतो, कॅमेरा हातभर अंतरावर, आणि तिथून छपाईचे ठिपके दिसत होते. "हाताने रंगवशील?" बाईने विचारलं. "शूटिंगच्या सकाळपर्यंत पसंत पडलं तर तुझं लावीन. नाहीतर छापलेलं लावून लांबून घेईन. मग रडायचं नाही." नात "जमेल" म्हणाली. एवढं मोठं तिने जन्मात काढलं नव्हतं. मी म्हटलं, मी येते. "तू कशाला?" "ओरडायला."

तिथे गेल्या गेल्या ते छापलेलं बॅनर बघितलं, आणि बाबा, माझे पाय थांबले. ते तुमचं होतं. हिरॉईनच्या गालावर तुमचा गुलाबी, नाकाच्या बाजूने तुमचा निळा पट्टा, आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात तो पांढरा टिपका, जो तुम्ही सगळ्यात शेवटी, परांचीवरून उतरता उतरता द्यायचात. "हे माझ्या बापाचं आहे," मी म्हटलं. नात म्हणाली, "त्याला जुन्या बॅनरांचे फोटो खायला घातलेत, आजी. सगळ्यांचे. पणजोबांचेही असतील. विचारलं कोणाला नाही." "मेला चोर!" "चोर आहेच. पण बघ ना, काढलंय झकास." काढलं होतं झकासच. डावा डोळासुद्धा जागेवर. मला ओरडायला काही सापडेना, आणि त्याचीच जास्त चीड आली.

तिने चौकोन पाडले, रंग कालवले, कापड भरलं. तुकडे वर चढले, ती परांचीवर, मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. आणि माझ्या शेजारी एक काठी. काठीवर फोन लावलेला. मला इथून जे दिसत होतं ते तिला वर दुसऱ्या फोनात दिसत होतं. म्हणजे माझंही काम गेलंच होतं, बाबा, माझ्या जागी काठी उभी होती. तरी मी ओरडलेच. कारण तिने जे काढलं होतं ते हुबेहूब तुमच्यासारखं होतं, गुलाबी, निळा, सगळं. "त्या छापलेल्याचा गरीब भाऊ दिसतोय!" मी सांगितलं. ती खाली उतरली, चहा प्याली. वर चढली आणि तिने हिरॉईनच्या डोळ्याखाली हिरवा मारला. केळीच्या कोवळ्या पानासारखा, सपासप.

"अगं ए! वाट लागली! बाईला शेवाळ आलं! पुस आधी!"

"नाही पुसणार!"

"बोळा घे म्हणते ना!"

"आजी, खुर्चीत बस, नाहीतर घरी जा!"

लाइटमन जमले. सेटवाली बाई आली, तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. "यांना कोणी आणलं?" म्हणाली. मी खुर्ची फिरवली आणि बॅनरकडे पाठ करून बसले. पुठ्ठ्याची दुकानं बघत बसले, त्यांच्या पुठ्ठ्याच्या कुलपांसकट. ऊन कलायला लागलं. "आजी, आता बघ," वरून आवाज आला. मी वळले नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही. म्हणून वळले.

बाबा, बॅनरवरची ती बाई माझ्याकडे बघत होती. हिरव्यावर केशरी चढला होता, हिरवा नुसता कडेला उरला होता, आणि तेवढ्या हिरव्याने डोळा खोल आत गेला होता. रडून उठलेली, तोंड धुतलेली, आणि आता कोणाला सोडणार नाही अशी बाई. तुमच्या बायका सुंदर असायच्या, सगळ्याच. पण मी उन्हातान्हात त्यांच्याकडे इतकी वर्षं बघितलं, त्यांच्यातल्या एकीने कधी मला उलटून बघितलं नाही.

शूटिंगच्या सकाळी सेटवाली बाई दोन्ही बॅनरं बघत बराच वेळ उभी राहिली. "हा हिरवा कुठून आणलास?" "माहीत नाही. हात गेला." बाई शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे वळली. "तुझं एआय असा काढेल?" तो म्हणाला, "आता काढेल, मॅडम. हे दाखवलं की काढेल." मला वाटलं, संपलं. पोरगी परत बँकेच्या क्लासला. पण ती रंगाच्या बोटांनी पाव खात होती, तिने खाणंही थांबवलं नाही. "खाऊ दे त्याला," म्हणाली. "उद्या हे खाईल, परवा मी दुसरं काढलेलं असेल. त्याने माझ्या मागून यायचं." बाईने हात वर केला. "हिचंच राहू दे. छापलेलं गुंडाळा."

गुंडाळलं. दुपारी लाइटमन त्याच्यावर बसून जेवत होते. तुमचा गुलाबी गाल होता खाली. जेवू देत.

आज नात दुसऱ्या सेटवर गेलीय. बँकेचा क्लास आता सुनेने स्वतःच लावावा. मी नातीला त्या दिवशी बॅनरखाली उभी राहून काय म्हटलं माहीत आहे? "बरं झालंय. डावा कान जरा मोठा आलाय." तिने कान निरखून बघितला, परत वर चढायला निघाली, मग माझं तोंड बघून हसायला लागली.

हा कागद मी फडताळात चादरींच्या खाली घालणार. तिच्या हाती लागला तर डोक्यावर बसेल. लिहायला घेतलं ते एकाच वाक्यासाठी, आणि तेच टाळत इथवर आले. ती तुमच्यापेक्षा चांगली काढते, बाबा. कान मोठा नव्हता.