चालणाऱ्याची वाट

प्रिय दादा,

तुला हाताने पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प राहतोस. आईला मी सांगितलंय की कंपनीत तुझी रात्रपाळी चालू आहे. जेवायला बसली की ती तुझं विचारतेच, "देवाचा फोन आल्ता काय वं?" मी हो म्हणते. बाबा पेपर उघडून बसतात आणि कितीतरी वेळ तेच पान समोर धरून ठेवतात. हे मी मेडिकलवर बसून लिहितेय, गिऱ्हाईक आलं की कागद बाजूला सारते, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

सातपुड्यात सायकली घेऊन जायचं तुझ्याच डोक्यातलं. पुण्याहून तू आणि तुझ्या कंपनीतली अर्पिता, इथून मी आणि प्रज्वल. शेगावातून निघायचं, संग्रामपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जळगाव जामोदवरून डोंगर. किती आनंदात होतास तू! स्टेशनवर उतरल्या उतरल्या सायकलच्या चाकाला मिठी मारल्यासारखा फोटो काढून घेतलास. मग प्रज्वल आला, बॅटरीची सायकल घेऊन, आणि तुझा चेहरा पडला. शाळेपासूनचा तुझा मित्र, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा आपल्यासोबत येत होता. त्याने मला दाखवलं, पेडल मारलं तरच मोटर हात देते, नुसतं बसून ती चालत नाही. लहान मुलाने नवं खेळणं दाखवावं तसा दाखवत होता तो. तू मात्र म्हणालास, "हे डोंगरावर न्याचं नसते बे."

संग्रामपूरच्या त्या हॉटेलात भज्यांची प्लेट मध्ये ठेवून तुम्ही जे भांडलात ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुझं म्हणणं सरळ होतं. मोटर लागली की ती गाडी झाली, आणि गाडीला डांबरी रस्ता आहे. डोंगरातली वाट सगळ्यांची, पण आधी चालणाऱ्याची. मोळीवाल्या बायांची, गुराख्यांची, बकऱ्यांची. आवाज न करता चढावर जोरात काहीतरी येतं हे त्यांना माहीत नसतं, मग कुणाला लागलं म्हणजे? प्रज्वल आधी हसत होता. मग म्हणाला, "माह्या गुडघ्यात खिळे हायत देवा. म्या डोंगर पाहूच नये काय?" तू म्हणालास, "पाह्य ना, पायी जाऊन पाह्य." अर्पिता म्हणाली, तिकडे पुण्याच्या टेकड्यांवरही हाच वाद चालतो, आणि मोबाईल काढून तुमचं शूटिंग करू लागली. मी एकच बोलले, की चढावर मोटर पळते हे खरं, पण उतारावर तुम्ही सगळेच पळता. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "चालणाऱ्याची वाट हाय ते! तिच्यावर पहिला हक्क त्याचा." मला त्या वेळी तुझा अभिमान वाटला होता, दादा. खरंच सांगते.

दुसऱ्या दिवशी चढावर प्रज्वलने तुझ्याशी बोलणं सोडलं नाही, तूच त्याच्याशी बोलत नव्हतास. प्रत्येक अवघड जागी तो थांबायचा. खडी घसरून माझा पाय टेकला तेव्हा त्याने एक हात माझ्या पाठीला लावला आणि आपल्या मोटरच्या जोरावर मला वर ढकललं. पायथ्याच्या गावातली माणसं वाटेत भेटली की तो उतरून बाजूला उभा राहायचा, तुला टोमणा बसावा म्हणून असेल, पण उभा राहायचा. माथ्यावरून पूर्णेचं अख्खं खोरं दिसलं. तुरीची आणि हरभऱ्याची शेतं, मध्येच कपाशीचे पांढरे ठिपके. तू खूष झालास आणि प्रज्वललाही पाण्याची बाटली पुढे केलीस. मला वाटलं, भांडण मिटलं.

मग उतार. तू पहिला सुटलास, कुणी हाक मारायच्या आत. थोड्या वेळाने प्रज्वल, मग मी, शेवटी अर्पिता. त्या दगडी वळणावरून मी खाली आले तर ती मोळीवाली म्हातारी, तानुबाई, वाटेत पडलेली, मोळी सुटून लाकडं चहूकडे. प्रज्वलची सायकल फेकल्यासारखी आडवी, आणि तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. "माय, डोये उघड. माय, माह्याकडे पाह्य." बाईचा पाय नको तिकडे वळलेला होता. मोबाईलला रेंज नव्हती. अर्पिता रडत होती. मी ओढणी फाडून जखम बांधत होते, आणि खाली जाऊन गाडी कुणी आणायची याचा विचार आम्ही करत होतो, तेवढ्यात खालून तूच आलास. जीप बैलगाडीच्या वाटेपर्यंत आणलेली, सोबत गावातले लोक, तानुबाईचा मुलगा ज्ञानेश्वर. मला वाटलं, किती हुशार माझा भाऊ. आम्ही कुणीच तुला सांगायला आलो नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढचं तू पाहिलंसच. कुणीतरी प्रज्वलची सायकल उभी केली, बॅटरी बघितली आणि ओरडलं, "मोटर हाय इले!" ज्ञानेश्वरने त्याची कॉलर धरली. पहिली थापड बसली तेव्हा प्रज्वल एवढंच म्हणाला, "म्या नाई ठोकलं. मी आलो तवा पडेल होती." दुसरी बसल्यावर त्याने तुझ्याकडे पाहिलं. तू हेल्मेट हातात घेऊन उभा होतास, खाली बघत. मी तुम्हा दोघांच्या मध्ये होते, दादा, मला दोन्ही चेहरे दिसत होते. तेव्हाही मला वाटलं, तू घाबरलायस.

पोलीस ठाण्यात गावाने सांगितलं ते लिहिलं गेलं. अर्पिताने हॉटेलातलं शूटिंग आधीच आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं, ते तिथून कुठे कुठे पोचलं कोण जाणे. मेडिकलवर औषध घ्यायला आलेला माणूससुद्धा मला दाखवतो, "पाहा, हा पोरगा किती समजदार बोलून राह्यला." तो समजदार पोरगा तू. प्रज्वलला शाळेने सांगितलंय की हे निस्तरेपर्यंत येऊ नको. खेळाचा शिक्षक म्हणून यंदा तो कायम होणार होता. त्याची आई रुक्मिणीबाई आपल्याकडे येऊन गेली. उंबऱ्यातच बसली, आईला म्हणाली, "तुमचा देवा तं संग होता ना बेबीताई, त्याले इचारा ना, त्यानं काई पाह्यलं असन." आईने केलेला चहा तिच्यापुढे निवून गेला.

मी प्रज्वलला भेटायला गेले. तो गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मी निघायला उठले तेव्हा कूस वळला. म्हणाला, "समता, मले आता काईच समजून नाई राह्यलं. सारेच म्हणतात तं माह्याच धक्का लागला असंल. मीच इसरलो असंल." दादा, त्याने तो डोंगर, ते वळण इतक्या वेळा मनात घोळवलंय की आता त्याला स्वतःचाच भरवसा उरला नाही. वकील म्हणतात, कबूल करून टाक, थोडक्यात सुटशील. सोमवारी तो ठाण्यात जाऊन लिहून देणार आहे की मीच ठोकलं. रुक्मिणीबाई अंगणात भांडी घासत होती, तिला हे अजून माहीत नाही.

दवाखान्यात तानुबाईकडे मी अधूनमधून भाकरी घेऊन जात होते. ऑपरेशननंतर ती बरेच दिवस गुंगीतच असायची. काल पहिल्यांदा उशीला टेकून बसली, आणि तिने मला विचारलं, "तो पोरगा कोठी हाय वं, ज्यानं मले मांडीवर घेतलं?" मी म्हटलं, त्यानेच तुम्हाला ठोकलं ना, माय? तिने जोरात मान हलवली. "त्यानं काऊन ठोकन? तो तं मंग आला. आंधी पिवळ्या टोपीवाला आल्ता. त्याचं हँडल मोळीत अडकलं अन् मी पडली. थांबला होता बिचारा. मले म्हणे, माय, मी गाडी आणतो. अन् पयाला खाली. लय भेला होता तो." ज्ञानेश्वर शेजारीच होता. म्हणाला, "तिचं काय ऐकता ताई, ते बेहोश होती." म्हातारीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. माझा हात धरला. "त्यानं गाडी आणली म्हणून मी वाचली. पण तो पोरगा मले पाहाले काऊन आला नाई?"

आपल्यात पिवळं हेल्मेट एकाचंच होतं. मी तिथून उठले ती थेट जिन्यात जाऊन बसले. तू तिला टाकून पळाला नाहीस, हे कळल्यावर मला रडूच आलं. मदत आणायलाच गेला होतास. जीप घेऊन वर येईपर्यंत तू माझा भाऊच होतास, दादा. मग त्यांनी प्रज्वलला मारलं, आणि 'माझ्या हँडलने पडली' एवढं एकच वाक्य तुला बोलायचं होतं.

म्हणून हे पत्र. ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती अर्पिताकडे पाठवतेय, ती तुझ्या खोलीवर येऊन हातात देईल. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. आईबाबांनाही नाही, आणि तानुबाईला मी कुणाची बहीण तेही नाही. सोमवारी प्रज्वल ठाण्यात जाईल तेव्हा मी तिथे असेन आणि तानुबाईने सांगितलेलं सगळं सांगेन, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. म्हातारीला भ्रम झालाय म्हणतील, मला पुरावा मागतील, मी तरी सांगेन. पण माझ्या तोंडून ते बाहेर पडल्यावर आईकडे मी कशी बघू? त्या आधी तू ये रे. हात जोडते, पाया पडते, काय म्हणशील ते करते, पण ये. रविवारच्या गाडीने निघ. घरी नंतर जाऊ, प्रज्वलकडेही नंतर. आधी दवाखान्यात चल. तो पोरगा का आला नाही, असं तानुबाई पुन्हा विचारेल, तेव्हा तूच तिच्यासमोर उभा राहा.

स्टेशनवर वाट बघेन,
तुझीच,
समता