टॉवर चौकातली लढाई

उज्जैन, ८ जानेवारी २००२

तीर्थरूप आई, तुझ्या अमृताचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? बातम्या फार बघत बसू नकोस.

शाळेत सध्या पहिलं महायुद्ध शिकवतेय. एका राजपुत्राचा खून झाला आणि ऑस्ट्रियामागे जर्मनी, सर्बियामागे रशिया, रशियामागे फ्रान्स, असे सगळे दोस्तीपायी ओढले गेले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, बीच में कोई रुका क्यों नहीं?"

काल सासरे टॉवर चौकातून मित्रांशी वाद घालून तावातच घरी आले. "रूस आपल्या बाजूनं, चीन पाकिस्तानच्या. एकदाची होऊनच जाऊ दे लढाई!"

मी म्हटलं, "तात्या, माझा भाऊ बॉर्डरवर आहे."

रात्री ते नीट जेवलेही नाहीत. आज सकाळी स्वतः देवास गेटच्या बाजारात जाऊन हर्षलसाठी लोकरीचे मोजे घेऊन आले. मला म्हणाले, "पार्सल पोचेल ना गं तिथं?"

मी हो म्हटलं.

आई, मला महिनाभर त्याचं पत्र नाही. तुला आलं असेल तर लगेच कळव. नसेल आलं, तरी कळव.

तुझीच,
अमृता